चहा झाल्यावर बघू

जुलै २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एक माल नागपूरकडे रवाना करण्याचा आदेश दिला. माल सुमारे ३५० टन. निघायचं ठिकाण भोपाळ, युनियन कार्बाइडचा बंद कारखाना. पोचायचं ठिकाण बोरखेडी, बुटीबोरीच्या पुढचं रेल्वे स्टेशन. तिथे डीआरडीओची भट्टी होती. मालात कीटकनाशकाची अर्धवट रसायनं होती, रिअ‍ॅक्टर खरवडून काढलेला गाळ होता आणि माती होती.

हा माल इतकी वर्षं कुणी का ठेवून दिला होता, हे समजायला एका टाकीपासून सुरुवात करावी लागते. टाकीचा क्रमांक ६१०. वेळ मोजायची ती ३ डिसेंबर १९८४, मध्यरात्रीनंतर १२.४५ पासून, उलटी.

२ वर्षं ७ महिने आधी

मे १९८२. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं पथक भोपाळच्या कारखान्याची सुरक्षा-तपासणी करतं. ६१ धोके नोंदवले जातात, त्यातले ३० गंभीर. त्या ३० पैकी ११ फॉस्जिन आणि मिथाइल आयसोसायनेट या दोन विभागांतले. त्याआधीच्या डिसेंबरात फॉस्जिनच्या गळतीत एक कामगार मेलेला असतो.

मिथाइल आयसोसायनेटला कारखान्यात ‘एमआयसी’ म्हणतात. ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बनवण्यासाठी लागणारं हे मधल्या टप्प्याचं रसायन. ते ३९ अंशांना उकळतं, म्हणजे भोपाळच्या मे महिन्यातल्या दुपारी आपोआप. पाण्याशी त्याची गाठ पडली की उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. गंज, आम्ल, अल्कली यांपैकी काहीही क्रिया भडकवू शकतं. कामाच्या जागी हवेत त्याचं सुरक्षित मानलेलं प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग. डोळ्यांत पाणी येतं ते साधारण २ भागांना, म्हणजे शंभरपटीने. भोपाळमध्ये गळती ओळखण्याचं रोजचं साधन कामगारांचे डोळे हेच होतं.

प्रयोगशाळेत असं रसायन हाताळायची रीत सरळ आहे. लागेल तेवढंच घ्यायचं, काही ग्रॅम. बंद कुपीत, थंड, कोरडं. काम फ्यूम हूडखाली करायचं, उरलेलं त्याच दिवशी निष्प्रभ करायचं, रात्रीसाठी ठेवायचं नाही. भोपाळला ते जमिनीत अर्धवट पुरलेल्या, सिमेंट काँक्रीटने झाकलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तीन टाक्यांत ठेवलेलं होतं. एकेका टाकीची क्षमता ६८ हजार लिटर.

सेव्हिनसाठी एवढा साठा लागतच होता, असंही नाही. त्याच कच्च्या मालाचा क्रम बदलला तर एमआयसीचा टप्पा न येता सेव्हिन बनतं, आणि कंपनीला ती पद्धत माहीत होती.

सप्टेंबर १९८२ पासून भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात या कारखान्याविषयी लिहू लागतात. एका लेखाच्या मथळ्यात शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसल्याचं म्हटलेलं असतं. जून १९८४ मध्ये ते ‘जनसत्ता’त पुन्हा लिहितात.

७ महिने आधी

मे १९८४. कारखान्यात वायू वाहून नेणारे दोन मुख्य नळ आहेत. दुरुस्तीच्या सोयीसाठी दोघांना जोडणारी एक नळी बसवली जाते. छोटं काम आहे. एका नळात शिरलेली वस्तू आता दुसऱ्यात जाऊ शकते.

६ महिने आधी

जून १९८४. टाक्या थंड ठेवणारं ३० टनी शीतयंत्र बंद केलं जातं. त्यातला फ्रिऑन दुसरीकडे वापरला जातो. कंपनीच्याच नियमपुस्तिकेप्रमाणे एमआयसी ० अंशांच्या आसपास हवं आणि ११ अंशांना धोक्याची घंटा वाजायला हवी. यंत्र बंद केल्यावर टाक्या १५ ते २० अंशांवर राहू लागतात. म्हणजे घंटा कायम वाजत राहिली असती. ती निकामी ठेवली जाते.

कारखाना तोट्यात आहे. परवाना वर्षाला ५,००० टनांचा, मागणी त्याच्या जवळपासही नाही. खर्च कमी करायचा आहे. एमआयसी विभागात एका पाळीला १२ ऑपरेटर असत, आता ६ आहेत.

सप्टेंबर

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट नावाचं गाव आहे. तिथे याच कंपनीचा याच रसायनाचा कारखाना आहे. तपासणी पथक लेखी इशारा देतं, की एमआयसीच्या साठवण-टाकीत क्रिया हाताबाहेर जाऊ शकते आणि ती आवरायला वेळ पुरणार नाही. हा कागद इन्स्टिट्यूटला मिळतो. भोपाळला पाठवला जात नाही.

४२ दिवस आधी

२२ ऑक्टोबर. एमआयसीचं उत्पादन थांबतं. ६१० क्रमांकाच्या टाकीत तेव्हा सुमारे ४२ टन माल आहे. अशी टाकी निम्म्याच्या फार वर भरायची नाही, असा नियम. ही त्याच्या पुढे गेलेली आहे. शेजारची ६१९ आणीबाणीसाठी पूर्ण रिकामी हवी. ती रिकामी नाही.

मालही चोख नाही. एमआयसीमध्ये क्लोरोफॉर्म अर्ध्या टक्क्याहून जास्त चालत नाही. या खेपेत ते १२ टक्क्यांच्या वर आहे. क्लोरोफॉर्ममधलं क्लोरीन गरम झाल्यावर स्टेनलेस स्टीललाही खातं, आणि स्टीलमधून सुटलेलं लोह ही क्रिया भडकवणारी वस्तू आहे.

त्याच सुमाराला ६१० मधला नायट्रोजनचा दाब उतरतो. टाकीतल्या द्रवावर नायट्रोजन दाबून धरायचा, म्हणजे बाहेरचं काही आत येत नाही आणि हवं तेव्हा माल बाहेर ढकलता येतो. दाब चौरस इंचाला २ पौंडांवर येऊन थांबतो. झडप कुठे तरी गळते आहे. कुठे, ते सापडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रबर, म्हणजे निसटलेला वायू कॉस्टिक सोड्यात धुऊन काढणारा मनोरा, ‘स्टँडबाय’ला टाकला जातो. उत्पादन बंद आहे, मग स्क्रबर कशाला. निसटलेला वायू जाळणारा फ्लेअरही बंद आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा चारेक फुटांचा तुकडा गंजला म्हणून काढलाय, नवा बसायचाय.

चार गोष्टी एका वेळी बंद आहेत. प्रत्येक बंद करणाऱ्याकडे आपापलं कारण आहे आणि सुटं पाहिलं तर ते पटण्यासारखंही आहे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. टाकीत ४२ टन माल ठेवलेला असताना ‘कारखाना बंद आहे’ हे वाक्य सगळ्यांनी खरं मानलं.

७ दिवस आधी

२६ नोव्हेंबर. रात्रपाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरचं पद रद्द होतं.

३ दिवस आधी

३० नोव्हेंबरच्या सुमारास ६१० मध्ये दाब चढवण्याचा पुन्हा प्रयत्न. चढत नाही. सेव्हिनसाठी माल हवा आहे, तो शेजारच्या ६११ मधून घेतला जातो. ६१० आहे तशी सोडली जाते.

रविवार, २ डिसेंबर १९८४

रात्री ९.३०च्या सुमारास

एमआयसी विभागात नळ धुण्याचं काम सुरू होतं. पाण्याचा पाइप जोडला जातो. धुण्याआधी नळाच्या सांध्यात लोखंडी चकती, म्हणजे स्लिप ब्लाइंड, घालायची असते. व्हॉल्व्ह गळला तरी पाणी तिच्यापलीकडे जात नाही. चकती घालायचं काम मेंटेनन्सचं. मेंटेनन्स सुपरवायझर पाळीवर नाही. चकती घातली जात नाही.

थोड्या वेळाने धुणाऱ्या कामगाराच्या लक्षात येतं, की जेवढं पाणी आत जातंय तेवढं निचऱ्याच्या तोट्यांतून बाहेर येत नाही. तो पाणी बंद करतो. चालू ठेव, असं त्याला सांगितलं जातं. तो चालू करतो.

(पाणी टाकीत नेमकं कसं शिरलं, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. कामगार संघटना आणि अनेक तपासकर्ते या धुण्याकडे, गळक्या व्हॉल्व्हकडे आणि मे महिन्यातल्या त्या जोडनळीकडे बोट दाखवत राहिले. कंपनीने नेमलेल्या आर्थर डी. लिटल या संस्थेचे अशोक कालेलकर यांनी १९८८ मध्ये दुसरी बाजू मांडली, की एखाद्या नाराज कामगाराने मुद्दाम टाकीला पाण्याचा पाइप जोडला. तसा एकही माणूस कुठल्या न्यायालयासमोर उभा केला गेला नाही. पाणी शिरलं, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे. भारत सरकारच्या शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे ५०० किलोचा, कंपनीचा त्याहून जास्त. पाचशे लिटर म्हणजे गच्चीवरच्या एका छोट्या टाकीएवढं.)

१०.२०

६१० चा दाब २ पौंड. नोंद होते. गेले कित्येक दिवस हाच आकडा आहे.

१०.४५

पाळी बदलते. पाणी चालूच आहे.

११.००

कंट्रोल रूममधल्या नव्या ऑपरेटरला दाब १० पौंड दिसतो. ही टाकी एरवी २ ते २५ पौंडांत असते, त्यामुळे १० हा आकडा चुकीचा नाही. तासाभरापूर्वी तो २ होता, हे आधीच्या पाळीच्या कागदावर आहे. पाचपट वाढ आहे, पण दोन पाळ्यांत वाटली गेलेली. तापमान पाहून काही कळलं असतं. तापमापकावर कुणाचा भरवसा उरलेला नाही आणि त्याची नोंद ठेवायची पद्धतही सुटलेली आहे.

टाकीच्या आत काय चाललंय ते बाहेर कुणाला दिसत नाही. पाणी आणि एमआयसी यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोय. त्यामुळे दाब. उष्णता निघतेय, ती बाहेर न्यायला शीतयंत्र नाही. गरम क्लोरोफॉर्म स्टील खातोय, लोह सुटतंय, आणि लोहामुळे एमआयसीचे रेणू आता पाण्यावाचूनही एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. या दुसऱ्या क्रियेची उष्णता पहिलीपेक्षा जास्त. पाणी आता थांबवलं तरी उपयोग नाही, अशी एक वेळ या तासाभरात कधी तरी येऊन जाते. तिची नोंद कुठल्याच लॉगबुकात नाही.

११.३०

विभागातल्या कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. ही नेहमीची गोष्ट आहे. दोघे-तिघे शोधायला जातात. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर एका नळातून पिवळट पाण्याबरोबर एमआयसी ठिबकताना त्यांना दिसतं.

११.४५

सुपरवायझरला सांगितलं जातं. मध्यरात्रीनंतरचा चहा सव्वाबाराला असतो. गळती चहा झाल्यावर बघायची, असं ठरतं. ठिबकणाऱ्या पाण्यावर आणखी थोडं पाणी मारून ठेवतात.

या निर्णयाला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. पण गळत्या रोजच्या होत्या आणि डोळे रोजचे चुरचुरत होते. या विभागात काम करणाऱ्याला घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे कारखान्यानेच दोन वर्षं शिकवलं होतं.

सोमवार, ३ डिसेंबर

१२.१५

चहा.

१२.४०

चहा संपतो. कंट्रोल रूममध्ये दाब ३० पौंडांच्या पुढे गेलेला आहे आणि डोळ्यांदेखत वाढतोय. काटा ५५ वर जाऊन टेकतो. गेजवर त्यापुढे आकडे नाहीत. तापमापकाचा काटा २५ अंशांवर, म्हणजे त्याच्याही टोकाला. ऑपरेटर धावत टाकीपाशी जातो. खालून घरघर ऐकू येते. टाकीवरचं काँक्रीट तडकतं. तो मागे पळतो.

पुढे तपासात निघालेला निष्कर्ष असा, की टाकीच्या आत तेव्हा तापमान २०० अंशांच्या वर गेलं होतं.

१२.४५

४० पौंडांना उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलेला आहे. वायू नळातून स्क्रबरकडे आणि तिथून ३३ मीटर उंचीच्या तोंडातून बाहेर.

१२.५०

धोक्याचा भोंगा वाजतो. स्क्रबर सुरू करण्याचा प्रयत्न होतो, सोडा फिरत असल्याचं मीटर दाखवत नाही. तो चालला असता तरी एवढ्या वेगाचा एवढा वायू धुवायला तो बनवलेलाच नव्हता. फ्लेअर पेटवता येत नाही. नळ तोडलेला आहे, आणि आता तिकडे ठिणगी नेणं हाच धोका. माल ६१९ मध्ये सोडावा, तर ती रिकामी नाही.

अग्निशमन पथक पाण्याचा पडदा उभारतं. पाण्याच्या धारा १२ ते १५ मीटरपर्यंत जातात. वायू ३३ मीटरवरून सुटतोय.

बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा काही मिनिटांतच बंद केला जातो. किरकोळ गळतीला लोकांना घाबरवू नये, अशी कारखान्याची कार्यपद्धत आहे.

१.००

वारा वायव्येकडून आग्नेयेकडे आहे, मंद. थंडीची रात्र, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार, त्यामुळे वर उठून विरून जाणं नाही. एमआयसी हवेच्या जवळपास दुप्पट जड. ते खाली येतं.

फाटकासमोर जयप्रकाश नगर. त्यापुढे काझी कॅम्प, छोला, रेल्वे कॉलनी, स्टेशन. सगळे झोपलेले. खोकल्याने जाग येते. कुणाला वाटतं शेजारी मिरच्या जाळल्यात.

ओलं फडकं तोंडावर धरा, पळू नका, पळायचंच तर वाऱ्याला आडवे पळा: जीव वाचवणारी माहिती एवढीच होती. एमआयसी पाण्याशी क्रिया करतं, म्हणून ओल्या फडक्यातून पुष्कळसं आत येत नाही. ही माहिती कारखान्याच्या आवारात होती. आवाराबाहेर ती कुणीही, कधीही सांगितलेली नव्हती. लोक पळतात, म्हणजे धापा टाकतात, म्हणजे जास्त ओढून घेतात. जड वायू जमिनीलगत दाट असतो. लहान मुलांची नाकं तिथेच असतात.

१.२५ ते २.१०

पोलीस नियंत्रण कक्षातून कारखान्याला तीन वेळा फोन जातो. दोनदा सगळं ठीक असल्याचं उत्तर मिळतं. तिसऱ्यांदा, काय झालंय ते आम्हालाही ठाऊक नाही, असं.

स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर फलाटाला लागलेली गाडी ठरलेल्या वेळेआधीच सोडून देतात आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवायला लावतात. त्या रात्री वेळेआधी घेतला गेलेला एवढाच एक निर्णय मला सापडतो.

२.०० नंतर

बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू होतो, आता सलग. तोवर टाकीतला दाब उतरून सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप बसायला लागलेला आहे. कुणी काही केल्यामुळे नव्हे. आत उरलं नाही म्हणून. दीड-दोन तासांत ४० टनांच्या आसपास माल बाहेर पडला आहे.

पहाट

हमीदिया रुग्णालयात डॉक्टर विचारतायत, वायू कोणता. अश्रुधुरासारखा आहे, डोळे पाण्याने धुवा, असं कारखान्याकडून कळतं.

मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू निश्चित केले. भरपाईच्या नोंदींत हा आकडा ५,२९५ झाला. इजा झालेले साडेपाच लाखांहून जास्त, हे सरकारने २००६ मध्ये न्यायालयात सांगितलं. पीडितांच्या संघटना मृतांची संख्या याच्या कितीतरी पट सांगतात.

१३ दिवसांनंतर

कारखान्यात एमआयसी अजून शिल्लक आहे, दुसऱ्या टाक्यांत. ते टाकून देता येत नाही, ठेवता येत नाही, हलवता येत नाही. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या शास्त्रज्ञांनी ठरवलेला मार्ग एकच: कारखाना पुन्हा चालू करायचा आणि सगळं एमआयसी सेव्हिनमध्ये बदलून संपवायचं. १६ डिसेंबरला हे काम सुरू होतं. हेलिकॉप्टरमधून पाणी फवारलं जातं. स्क्रबर चालू आहे, फ्लेअर चालू आहे, माणसं जागेवर आहेत. त्याआधीच निम्मं शहर गाव सोडून गेलेलं असतं. आठवड्याभरात काम संपतं. काही होत नाही.

म्हणजे नियमाप्रमाणे केलं तर हा कारखाना चालत होता.

२६ वर्षं ७ महिन्यांनंतर

जुलै २०११, बुटीबोरी. एमआयसी संपलं, पण कारखाना सोडून जाताना मागे राहिलेला माल तिथेच राहिला. तो २००५ मध्ये गोळा करून आवारातल्याच गोदामात ठेवला गेला. आधी गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या भट्टीचं नाव निघालं. गुजरातने दिलेला होकार मागे घेतला. मग बोरखेडी.

बुटीबोरीला रसायनं नवी नाहीत. विदर्भातल्या कारखान्यांचा घातक कचरा घेऊन तो पुरणारं सामायिक केंद्र इथेच आहे. असा कचरा कारखान्यात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, असा आज देशाचा नियम आहे. प्रत्येक ट्रकबरोबर काय, किती आणि कुठून याचा कागद लागतो. भोपाळचा माल तोवर २७ वर्षं जागेवर होता. त्यात नेमकं काय मिसळलंय याचा कागद तो टाकणाऱ्याने ठेवलेला नव्हता. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आता भोपाळहून हे येणार होतं.

नागपूरच्या विदर्भ एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. महाराष्ट्र सरकारने नकार दिला. माल आला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्याने, तोवर तो बायरकडे गेला होता, एमआयसी बनवणं कायमचं सोडून दिलं. भोपाळला न पाठवलेल्या त्या इशाऱ्याला २७ वर्षं झाली होती.

२०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझी या संस्थेमार्फत माल विमानाने हॅम्बुर्गला न्यायचं ठरत आलं. सप्टेंबरात तेही मोडलं. नकार देणारं प्रत्येक गाव आपल्या जागी बरोबर होतं. बोरखेडीही. प्रत्येक नकारानंतर माल भोपाळमध्येच राहत होता, ज्यांनी ती रात्र काढली होती त्यांच्या वस्तीला लागून.

४० वर्षांनंतर

३ डिसेंबर २०२४. मध्य प्रदेश उच्च न्यायालय माल हलवायला चार आठवड्यांची मुदत देतं.

१ जानेवारी २०२५, रात्री ९च्या सुमारास: १२ कंटेनर भोपाळहून निघतात. ३३७ टन. त्यात १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट बनलेलं कीटकनाशक, २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. वाटेतली वाहतूक अडवलेली आहे. अंतर २५० किलोमीटर.

२ जानेवारी, पहाटे ४.३०च्या सुमारास: इंदूरजवळचं पिथमपूर.

३ जानेवारी: पिथमपूर बंद. आंदोलनात दोघे जण स्वतःला पेटवून घेतात, भाजतात.

फेब्रुवारीअखेर ते १२ मार्च: तिथल्या भट्टीत जाळण्याची चाचणी. दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्या. पहिली तासाला १३५ किलो, दुसरी १८०, तिसरी २७०.

५ मे: उरलेले ३०७ टन, तासाला २७० किलो.

३० जून, रात्री १: संपलं.

६१० मधून दोन तासांच्या आत जेवढा माल बाहेर गेला, तेवढा जाळायला या वेगाने सहा दिवस आणि सहा रात्री लागल्या असत्या.

जाळताना चुना आणि इतर द्रव्यं मिसळतात, त्यामुळे राख मालापेक्षा जास्त भरली: ८०० टनांहून अधिक. ती कुठे पुरायची, हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला.

आणि भोपाळच्या आवारातली माती अजून जागेवर आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने आणि हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेने २०१० मध्ये ती मोजली: दूषित माती ११ लाख टन. ती भट्टीत घालायचं कुणी म्हणत नाही. तासाला २७० किलोने घातली, तर रात्रंदिवस धरून ४६५ वर्षं लागतील.